लेगोचा आठ स्टडचा ठोकळा: खेळणं म्हणून अव्वल, ट्रेडमार्क म्हणून नापास

परीक्षणाला घेतलेली वस्तू अगदी साधी आहे: लेगोचा दोन बाय चारचा ठोकळा, वर आठ गोल उंचवटे, म्हणजे स्टड, आणि खाली पोकळ. सोबत त्याला जुळणारे इतर कंपन्यांचे ठोकळेही घेतले आहेत. खेळण्यांची परीक्षणं पकड, रंग आणि किंमत इथे थांबतात. या ठोकळ्याच्या बाबतीत तेवढ्यावर थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते. इतर कंपन्यांचे हुबेहूब जुळणारे ठोकळे उघडपणे विकले जातात आणि कोर्ट त्यांना अडवत नाही, याचं कारण या प्लास्टिकच्या तुकड्याच्या मापांमध्येच आहे. ट्रेडमार्क कायद्यात त्याला फंक्शनॅलिटीचा नियम म्हणतात. वस्तूचा जो आकार तिच्या कामासाठी लागतो, तो कुणालाही कायमचा ब्रँड म्हणून राखून ठेवता येत नाही, असा तो नियम.

निकाल आधीच सांगून टाकतो. खेळणं म्हणून पाचपैकी साडेचार, आकाराचा ट्रेडमार्क म्हणून शून्य. आणि हे दोन्ही गुण एकाच कारणासाठी.

आधी मापं बघू. ठोकळ्याची लांबी 31.8 मिमी, रुंदी 15.8 मिमी आणि स्टड सोडून उंची 9.6 मिमी. स्टडचा व्यास 4.8 मिमी आणि एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत 8 मिमी. म्हणजे चार स्टडना 32 मिमी जागा मिळायला हवी, पण ठोकळा 31.8 मिमीचाच आहे. उरलेले 0.2 मिमी दोन्ही टोकांना 0.1 असे मुद्दाम कापलेले असतात. ते कापले नसते तर एका ओळीत लावलेले ठोकळे एकमेकांना रेटत वर उचलले गेले असते.

ठोकळा उलटा केला की तीन नळ्या दिसतात. प्रत्येक नळी चार स्टडच्या बरोबर मधल्या पोकळीत बसते. समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन स्टडच्या मध्यांमधलं तिरकं अंतर 11.31 मिमी येतं. त्यातून स्टडचा व्यास 4.8 वजा केला की 6.51 मिमी उरतात, आणि नळीचा बाहेरचा व्यास नेमका तेवढाच आहे. ते डिझायनरने डोळ्याला बरं दिसतं म्हणून निवडलेलं माप नाही, ते भूमितीने ठरवून दिलेलं आहे. परिणाम असा की कोपऱ्यातला स्टड दोन भिंतींना आणि एका नळीला टेकतो, तर मधला स्टड एका भिंतीला आणि दोन नळ्यांना. कुठलाही स्टड घ्या, पकड तीन बिंदूंवरच मिळते. सहा वर्षांच्या मुलाला ठोकळा ओढून काढता येतो आणि तरी उभा केलेला मनोरा उचलला तर सुटत नाही, याचं रहस्य एवढंच.

1949 च्या ठोकळ्यांत या नळ्या नव्हत्या. आतून ते नुसते पोकळ होते; एकावर एक बसत, पण जरा धक्का लागला की निसटत. नळ्यांच्या रचनेचा पेटंट अर्ज डेन्मार्कमध्ये 28 जानेवारी 1958 रोजी दाखल झाला. प्लास्टिकही तेव्हा वेगळं होतं, सेल्युलोज अॅसिटेट. ते कालांतराने वाकडं होई आणि पकड जाई. 1963 पासून एबीएस हे ताठ, टिकाऊ प्लास्टिक आलं. तेव्हापासून माप तेच ठेवल्यामुळे जुने आणि नवे ठोकळे आजही एकमेकांत बसतात. खेळणं म्हणून याहून मोठा गुण नाही. बहुतेक खेळण्यांचे सुटे भाग दोन-तीन वर्षांत बाद होतात.

स्टड आठच का, यालाही कारण आहे. आठ स्टडचे दोन सारखे ठोकळे 24 प्रकारे जोडता येतात, तीन असतील तर 1,060 प्रकारे, आणि सहा असतील तर 91,51,03,765 प्रकारे. कंपनी बरीच वर्षं सहा ठोकळ्यांसाठी साडेदहा कोटींच्या आतला आकडा सांगत होती. तो फक्त सहा थरांच्या सरळ मनोऱ्यांचा हिशोब निघाला. रुंद रचना त्यात धरल्याच नव्हत्या. स्वतःच्या मालाची बढाई कमी करून सांगणारी कंपनी क्वचितच सापडते.

उणे बाजू थोडक्यात. सपाट पट्ट्या एकमेकींवर बसल्या की नखाने सुटत नाहीत, त्यासाठी संचात मिळणारी पाचर वापरावी. दाताने काढू नये, कड कायमची चेपते. पांढरे आणि निळे ठोकळे उन्हात पिवळट पडतात. धुवायचे असतील तर पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको. आणि किंमत. अर्धा गुण तिथेच गेला.

जुळणारे ठोकळे: कुठे बिघडतं

इतर कंपन्यांच्या ठोकळ्यांची खरी परीक्षा संख्येत होते. दोन ठोकळे जोडून बघितले तर बहुतेक सगळेच बसतात. म्हणून तपासायचं असेल तर दहा ठोकळे एकावर एक दाबून बसवा आणि सगळ्यात वरचे स्टड सोडून उंची मोजा. ती 96 मिमी यायला हवी. प्रत्येक ठोकळा फक्त 0.05 मिमीने उंच असेल तरी दहाव्या थराला अर्धा मिलिमीटर फरक पडतो. मग शेजारी मूळ ठोकळ्यांची भिंत असेल तर दोन्हींवरून जाणारा आडवा ठोकळा एका बाजूला तरंगतो. आडव्या दिशेतही तेच. स्टडमधलं अंतर 8 ऐवजी 8.02 मिमी झालं तर 32 स्टडच्या ओळीत शेवटचा स्टड 0.62 मिमी पुढे गेलेला असतो आणि मोठी पट्टी एका टोकाला बसली की दुसऱ्या टोकाला बसत नाही.

असं का होतं? एबीएस साच्यात थंड होताना साधारण 0.4 ते 0.7 टक्के आकसतं. 31.8 मिमी लांबीवर अर्धा टक्का म्हणजे 0.16 मिमी, ठोकळ्याच्या एका टोकाला सोडलेल्या फटीपेक्षा जास्त. साचा तेवढा मोठा कापावा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण आकसण्याचं प्रमाण दर खेपेला तेच ठेवणं कठीण. प्लास्टिक नीट सुकवलेलं नसेल, साचा पुरेसा थंड व्हायच्या आत उघडला, साच्यातला दाब कमी-जास्त झाला, की एकाच डब्यात घट्ट आणि सैल असे दोन्ही ठोकळे निघतात. काही उत्पादक एबीएसऐवजी पॉलिस्टायरीन वापरतात. ते ताठ असतं, पण लवचीक नसतं. काही दिवस ताणाखाली राहिलं की भिंतीला कोपऱ्यात तडा जातो. पॉलिप्रॉपिलीन याच्या उलट: तुटत नाही, पण हळूहळू पसरतं आणि पकड ढिली पडते.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुळणारा ठोकळा बनवणाऱ्याला 8, 4.8, 9.6 आणि 6.51 यांपैकी एकही आकडा बदलता येत नाही. एक बदलला तर त्याचा माल या व्यवस्थेत बसतच नाही. न्यायालयांनी नेमका हाच धागा पकडला.

आकाराची मालकी: जवळपास अकरा वर्षांचा खटला

पेटंटला मुदत असते, साधारण 20 वर्षं. त्या काळात संशोधकाने कमवावं आणि मग ती युक्ती सगळ्यांसाठी खुली व्हावी, असा तो व्यवहार. ट्रेडमार्कला अशी मुदत नाही. शुल्क भरत राहा, वापरत राहा, शंभर वर्षंही चालतो. मग पेटंट संपल्यावर त्याच रचनेचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवला तर? संपलेली मक्तेदारी मागच्या दाराने परत येते. फंक्शनॅलिटीचा नियम हे दार बंद ठेवण्यासाठी आहे.

लेगोने युरोपियन संघात लाल रंगाच्या आठ स्टडच्या ठोकळ्याचा त्रिमितीय आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यासाठी 1 एप्रिल 1996 रोजी अर्ज केला. 19 ऑक्टोबर 1999 ला नोंदणी झाली. दोनच दिवसांनी, 21 ऑक्टोबरला, कॅनडातल्या रिटविक कंपनीने ती रद्द करण्याचा अर्ज टाकला. ही रिटविक म्हणजे पुढची मेगा ब्रँड्स, मेगा ब्लॉक्सवाली. 2004 मध्ये नोंदणी रद्द झाली, 2006 मध्ये युरोपच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या अपील मंडळाने ते कायम केलं, 2008 मध्ये युरोपच्या प्रथम स्तरावरच्या न्यायालयानेही, आणि 14 सप्टेंबर 2010 रोजी युरोपीय न्यायालयाने शेवटचा शिक्का मारला.

वाचण्यासारखा भाग आहे तो 2006 च्या अपील मंडळाच्या निर्णयातला. त्यांनी ठोकळ्याचा एकेक अवयव बाजूला काढला आणि प्रत्येकाला विचारलं, तू काय करतोस? स्टडची उंची आणि व्यास पकडीसाठी. स्टडची संख्या जोडणीचे पर्याय वाढवण्यासाठी. स्टडची मांडणी कुठे जोडायचं ते ठरवण्यासाठी. आतल्या नळ्या पकडीसाठी, आणि त्यांची संख्या कुठल्याही स्थितीत पकड मिळावी म्हणून. सपाट बाजू शेजारच्या ठोकळ्याला टेकून भिंत तयार व्हावी म्हणून. पोकळ तळ स्टड आत घेण्यासाठी. एकूण आकार बांधकामासाठी, आणि आकारमान मुलांच्या हातात मावावं म्हणून. शेवटी उरला एकच घटक ज्याला काही काम नव्हतं: लाल रंग. तेवढ्यावर नोंदणी वाचत नाही.

म्हणूनच वर म्हटलं की दोन्ही गुण एकाच कारणाचे. या ठोकळ्यात बिनकामाचं काहीच नाही. खेळण्याच्या दृष्टीने ते कमालीचं कौशल्य, आणि ट्रेडमार्कच्या दृष्टीने नेमकी तीच अडचण.

लेगोचा मुख्य बचाव होता तो पर्यायांचा. ठोकळे जोडायचे इतरही आकार आहेत, त्यांनी ते वापरावेत, आमचाच का? ऐकायला रास्त वाटतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. ट्रेडमार्क फक्त हुबेहूब आकार अडवत नाही, मिळताजुळता आकारही अडवतो. एका कंपनीने कामाचे पाच-सहा चांगले आकार एकामागून एक नोंदवले तर प्रतिस्पर्ध्याला उरतात ते वाईट आकार. युरोपात ही भूमिका त्याआधीच, 2002 मध्ये, फिलिप्सच्या तीन गोल पात्यांच्या शेव्हरच्या प्रकरणात ठरली होती. समोर होती रेमिंग्टन.

दुसरा बचाव होता प्रसिद्धीचा. लोक हा ठोकळा पाहिला की लेगोच म्हणतात, सर्वेक्षणं करा. इथे बऱ्याच उद्योजकांचा गोंधळ होतो. ओळख सिद्ध करून साध्या, वर्णनात्मक नावाला ट्रेडमार्क मिळू शकतो. कामाच्या आकाराला मिळत नाही. सर्वेक्षणाचा खर्च अशा प्रकरणात वाया जातो. लोकांनी आकार ओळखला तरी तो सोडावा लागतो, कारण प्रश्न ओळखीचा नसून स्पर्धेचा आहे.

कॅनडात हेच भांडण वेगळ्या रूपात झालं. तिथे नोंदणी नव्हती. लेगोच्या समूहातल्या किर्कबी कंपनीचा दावा ठोकळ्याच्या वरच्या बाजूवर होता, भौमितिक मांडणीतल्या आठ स्टडवर. 17 नोव्हेंबर 2005 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. नोंदणी असो वा नसो, संपलेल्या पेटंटची युक्ती ट्रेडमार्कने परत मिळवता येणार नाही, हा निकालाचा गाभा.

हाच नियम इतर वस्तूंवर

अमेरिकेत या नियमाचा पाया 1982 च्या इनवूड निकालातल्या एका तळटीपेत आहे: वैशिष्ट्य वस्तूच्या वापराला आवश्यक असेल, किंवा त्याने खर्च वा दर्जा बदलत असेल, तर ते फंक्शनल. पण व्यवहारात सगळ्यात जास्त उद्धृत होतं ते 2001 चं ट्रॅफिक्स प्रकरण, आणि तिथली वस्तू ठोकळ्याइतकीच साधी होती. रस्त्यावर काम चालू असल्याचे तात्पुरते फलक, त्यांच्या पायथ्याशी शेजारी शेजारी दोन स्प्रिंगा. जोराचा वारा आला की फलक वाकतो, उलटत नाही. पेटंट संपलं, प्रतिस्पर्ध्याने तसाच स्टँड काढला, आणि मूळ कंपनी म्हणाली की दोन स्प्रिंगा ही आमची ओळख. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: संपलेलं पेटंट हा वैशिष्ट्य कामाचं असल्याचा भक्कम पुरावा आहे, आणि एकदा ते कामाचं ठरलं की इतर रचना शक्य होत्या का, हे तपासत बसायची गरज नाही. गंमत अशी की त्याच कंपनीने आधीच्या पेटंट खटल्यात स्प्रिंगा जरा वेगळ्या जागी बसवणाऱ्याला अडवताना दोन स्प्रिंगांचे फायदे स्वतःच ठासून मांडले होते. ते सगळं नंतर तिच्यावरच उलटलं.

रुबिक क्यूबचं प्रकरण थोडं तिरकं आहे. युरोपात 1999 मध्ये नोंदवलेल्या चित्रात होता काळ्या रेषांनी चौकोन पाडलेला घन. फिरवण्याची यंत्रणा आत लपलेली. चित्रात ती दिसत नव्हती. कंपनीचं म्हणणं, आम्ही फिरणं नोंदवलेलं नाही, फक्त जाळी नोंदवली आहे. 10 नोव्हेंबर 2016 रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की वस्तू प्रत्यक्षात काय करते हे डोळ्याआड करून चालणार नाही. काळ्या रेषा फिरणाऱ्या तुकड्यांच्या फटी आहेत. 2019 मध्ये नोंदणी रद्द ठरवणारा निर्णय न्यायालयाने उचलून धरला. म्हणजे अर्जात चतुर चित्र लावून सुटका होत नाही.

अमेरिकेतलं पॉकीचं उदाहरण मात्र वादाचं आहे आणि आमच्या मते जरा टोकाचं. बिस्किटाची बारीक काडी, चॉकलेटचा थर, एक टोक कोरं. प्रतिस्पर्धी पेपेरो 1983 पासून बाजारात. तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कोरं टोक हात चिकट होऊ नये म्हणून आहे, काडी बारीक आहे म्हणून डब्यात जास्त मावतात, आणि हे सगळं कंपनीच्याच जाहिरातींत लिहिलेलं आहे, असं म्हणून दावा फेटाळला. उपयोगी ते फंक्शनल, इतकी सोपी फूटपट्टी लावली तर कुठल्या वस्तूचा आकार वाचेल? चहाच्या कपाचा कानही उपयोगी आहे. पण तो कान कसा वळवायचा याला शंभर वाटा आहेत. उपयोगी असणं आणि त्या विशिष्ट वळणाशिवाय काम अडणं, यात फरक करायला हवा होता. 1982 मध्ये मॉर्टन-नॉर्विच प्रकरणात अमेरिकी न्यायालयाने तो केला होता: स्प्रेच्या बाटलीला द्रव धरावा लागतो, हातात मावावं लागतं, वर ट्रिगर लागतो, हे खरं, म्हणून तिच्या खांद्याची आणि मानेची नेमकी ती घडण काही अपरिहार्य ठरत नाही. ती बाटली फंक्शनॅलिटीतून सुटली. ग्राहक तिला ओळखतो का, हा प्रश्न वेगळा राहिला.

भारतीय कायद्यातही युरोपसारखीच तीन कुंपणं आहेत. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 चं कलम 9(3): वस्तूच्या स्वभावातूनच येणारा आकार, तांत्रिक परिणामासाठी आवश्यक आकार, आणि वस्तूला भरीव मूल्य देणारा आकार. तिसरं कुंपण लोक विसरतात. बँग अँड ओलुफसेनच्या पेन्सिलीसारख्या स्पीकरला युरोपात 2011 मध्ये नेमकं तेच आडवं आलं: आकार इतका देखणा, की ग्राहक तो आकारासाठीच घेतो.

ठोकळ्याच्या घरात वाचलेलं काय

लेगोचा आकार ट्रेडमार्क गेला म्हणून सगळंच गेलं, असं नाही. प्रत्येक स्टडवर कंपनीचं नाव उठावात आहे. त्या अक्षरांचं पकडीत काही काम नाही. ती गुळगुळीत केली तरी ठोकळा तसाच बसतो. म्हणून ती पूर्ण सुरक्षित. चांगल्या प्रतीच्या जुळणाऱ्या ठोकळ्यांवर स्टड कोरा असतो किंवा उत्पादकाचं स्वतःचं नाव असतं. स्टडवर लेगो लिहिलेलं आणि डबा दुसऱ्याच कंपनीचा, असं दिसलं तर तो जुळणारा माल नव्हे, बनावट माल.

दुसरं वाचलं ते छोटं माणूस, 1978 पासूनची मिनीफिगर. तिच्याही पायांखाली भोकं आहेत, हाताला हूक आहे. तरी 16 जून 2015 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने तिची नोंदणी कायम ठेवली आणि 2023 मध्ये पुन्हा आव्हान आलं तेव्हाही. कारण सरळ आहे. डोकं, धड, हात, पाय यांची ती चौकोनी घडण माणूस दाखवण्यासाठी आहे; जोडणीसाठी ती तशीच असायला हवी असं कुणाला सिद्ध करता आलं नाही. एकाच डब्यातले दोन तुकडे, एक खुला आणि एक राखीव. जुळणारे संच घेतले की त्यातली माणसं नेहमी वेगळ्याच चेहऱ्यामोहऱ्याची का असतात, ते यावरून कळेल.

तिसरी वाट डिझाइन नोंदणीची, म्हणजे वस्तूच्या दिसण्याला मिळणाऱ्या मुदतीच्या संरक्षणाची, आणि ती ट्रेडमार्कपेक्षा वेगळी मोजली जाते. युरोपात डिझाइनला कमाल 25 वर्षं मिळतात. तिथे जोडणीचे भाग सामान्यतः वगळले जातात, पण एकमेकांत बसणाऱ्या सुट्या घटकांच्या व्यवस्थेला मुद्दाम अपवाद ठेवला आहे. वरती चार स्टडची एकच ओळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना सपाट जागा असलेल्या एका ठोकळ्याच्या डिझाइनवर याच मुद्द्यावरून खटला चालला आणि 24 जानेवारी 2024 रोजी ते डिझाइन वैध ठरलं. तेव्हा जुळणारे ठोकळे बनवणाऱ्यांनी जुना आठ स्टडचा ठोकळा आणि कालपरवा आलेला खास आकाराचा तुकडा यांना एकाच मापाने मोजू नये. पहिला बिनधास्त बनवावा. दुसऱ्याआधी डिझाइनची नोंदवही बघावी.

आकार नोंदवायचाच असेल तर

स्वतःच्या वस्तूचा आकार ट्रेडमार्क करायचा विचार असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी 2006 च्या त्या मंडळाचीच पद्धत घरी वापरावी. आकाराची ठळक वैशिष्ट्यं लिहून काढा, पाच-सहापेक्षा जास्त होणार नाहीत. प्रत्येकापुढे लिहा: हे काढलं किंवा बदललं तर वस्तू वाईट चालेल का, महाग पडेल का, लवकर तुटेल का? सगळ्या उत्तरांत हो आलं तर अर्जावर पैसे घालू नका. एखादं मोठं, नजरेत भरणारं वैशिष्ट्य नाही म्हणत असेल तर अर्ज त्याच्याभोवती बांधा. नावापुरती नक्षी किंवा कडेची एखादी रेघ चालत नाही. किरकोळ शोभेच्या गोष्टी न्यायालय मोजत नाही.

मग आपलीच कपाटं उघडा. जुन्या पेटंट अर्जात या आकाराचा उल्लेख आहे का? असेल तर सामना तिथेच बहुधा संपतो. साचा बनवणाऱ्याशी झालेल्या पत्रव्यवहारात या वळणामुळे साचा सोपा पडतो असं काही आहे का? तेही विरोधात जातं, कारण स्वस्त किंवा सोपं उत्पादन हा अमेरिकेत तपासायच्या चार मुद्द्यांपैकी एक आहे; उरलेले तीन म्हणजे पेटंट, जाहिरात आणि पर्यायी रचना. मुदतीचाही भरवसा नको. अमेरिकेत पाच वर्षं टिकून आव्हानापलीकडे गेलेली नोंदणीदेखील फंक्शनॅलिटीच्या मुद्द्यावर कधीही रद्द होऊ शकते. आणि आकार नोंदवलेलाच नसेल, तर तो कामाचा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते.

आमच्या बघण्यात सर्वाधिक नुकसान करणारा कागद म्हणजे माहितीपत्रक. विक्री विभाग उत्साहाने लिहितो: खास वळणामुळे हातातून निसटत नाही, अनोख्या कडांमुळे एकावर एक रचता येते. खप वाढतो आणि चार वर्षांनी तेच पान प्रतिस्पर्ध्याचा वकील न्यायालयात वाचून दाखवतो. मजकूर छापण्याआधी एकाने तरी तो या नजरेने वाचायला हवा. आकाराकडे लक्ष वेधायचं असेल तर त्याचा फायदा न सांगता तो कुणाचा आहे ते सांगा: हा आकार दिसला की आमचा माल समजा, अशा धाटणीचं वाक्य. मात्र आकार खरोखरच कामाचा असेल तर अशा वाक्यांनी तो वाचणार नाही. पॉकीचं कोरं टोक शेवटी हातात धरायलाच असतं.

राहिला प्रश्न काय विकत घ्यायचं. मोठी रचना, 32 स्टडच्या पाट्या, दहा-बारा थरांच्या भिंती करायच्या असतील तर मूळ ठोकळे घ्या. तिथे माप चुकलं की सगळंच बिघडतं. भराव, पाया, आतला आधार, म्हणजे जिथे डोळा जात नाही तिथे, जुळणारे घ्यायला हरकत नाही. आधी छोटा डबा आणून दहा थरांची उंची मोजा, 96 मिमीच्या आजूबाजूला पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसेल तरच मोठा घ्या. एका थरात दोन्ही मिसळू नका, थराथराने वेगळे ठेवा. स्टडवरचं नाव वाचायला भिंग लागत नाही, डबा उघडल्यावर पहिलं तेच बघा.